भंगारातला बोर्ड आणि शाळेचे झेरॉक्स यंत्र

मंडळी, विषय वाचून कुणी म्हणेल, शेतकऱ्याचा आणि झेरॉक्सच्या यंत्राचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो रोजचा आहे. सातबाराचा उतारा, सोसायटीच्या कर्जाचे कागद, जातीचा दाखला, मुलीच्या प्रवेशाचा अर्ज, शाळेतली चाचणी परीक्षेची प्रश्नपत्रिका. यांतले एकही काम नकलेवाचून पुरे होत नाही. गावातले यंत्र बंद पडले की एका कागदासाठी तालुक्याची फेरी पडते आणि रोजगाराचा दिवस मोडतो. शाळेचे यंत्र परीक्षेच्या तोंडावर बंद पडले, तर गुरुजींना सारे प्रश्न फळ्यावर लिहून द्यावे लागतात.

मग मेकॅनिक येतो, झाकण उघडतो, आत डोकावतो आणि म्हणतो, "बोर्ड गेलाय. कंपनीकडे आता मिळत नाही. मिळाला तरी तुम्हांला परवडायचा नाही. मशीन भंगारात काढा." या वाक्यापाशी थांबायचे की नाही, तेवढेच आज पाहायचे आहे. तसल्याच दुसऱ्या, भंगारात निघालेल्या यंत्रातला बोर्ड काढून आपल्या यंत्रात बसवता येतो. रीतीने केले तर ही दुरुस्ती वर्षानुवर्षे टिकते. घाईने केले तर आणलेला बोर्डही पहिल्याच्या वाटेने जातो आणि पदरचे पैसे दोनदा जातात. ही रीत समजायला मोठे शिक्षण लागत नाही. यंत्र काम कसे करते एवढे मात्र आधी समजले पाहिजे.

कोरड्या केसांवरून प्लॅस्टिकचा कंगवा दोनचार वेळा फिरवा आणि कागदाच्या कपट्यांजवळ धरा. कपटे उडी मारून कंगव्याला चिकटतात. झेरॉक्सचे सारे गुपित या खेळात आहे. अमेरिकेत चेस्टर कार्लसन नावाचे गृहस्थ एका कंपनीत पेटंटच्या कामात होते. कागदांच्या नकला करून करून ते कंटाळले होते. न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरिया भागात त्यांनी एक खोली भाड्याने घेतली, आणि तेथे २२ ऑक्टोबर १९३८ रोजी आपले मदतनीस ऑटो कोर्नाई यांच्यासह एक प्रयोग केला. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला. तो थर रुमालाने घासून त्यावर वीज आणली. तारीख आणि गावाचे नाव लिहिलेली काच त्यावर ठेवून दिव्याचा उजेड पाडला. जेथे उजेड पडला तेथली वीज निघून गेली, अक्षरांच्या सावलीत मात्र ती राहिली. वर बारीक भुकटी टाकून फुंकर मारताच अक्षरे उठून दिसली. मेणकागद दाबून ती त्यांनी कागदावर उतरवली. ही जगातली पहिली झेरॉक्स प्रत.

या शोधाला गिऱ्हाईक मिळायला मात्र फार वर्षे गेली. कचेरीत ठेवता येईल असे, साध्या कागदावर नकला काढणारे '९१४' नावाचे यंत्र बाजारात आले ते १९५९ साली. 'झेरॉक्स' या नावातला 'झेर' हा ग्रीक भाषेतला. त्याचा अर्थ कोरडा. ओली शाई नाही, म्हणून कोरडे लिखाण. खरे म्हणजे हे एका कंपनीचे नाव. पण आपल्याकडे नकलेलाच झेरॉक्स म्हणायची रीत पडली.

आजच्या यंत्रात गंधकाच्या पत्र्याच्या जागी गोल फिरणारा ड्रम असतो. त्याच्यावर वीज चढते. आजच्या बहुतेक यंत्रांत लेसरचा बारीक किरण त्याच्यावर अक्षरे लिहितो. टोनर नावाची काळी पूड त्या अक्षरांना चिकटते, ड्रमवरून कागदावर येते, आणि शेवटी फ्यूजर नावाच्या तापलेल्या रुळाखाली वितळून कागदात बसते. फ्यूजरचा ताप साधारण १८० अंश सेल्सियसच्या आसपास असतो. ९१४ या यंत्रात कागद अडकून जळण्याचे प्रकार होत, म्हणून त्याच्याबरोबर आग विझवण्याचे लहानसे उपकरणही देत असत! आजच्या यंत्रात तापावर पहारा ठेवायला सेन्सर असतात. तो पहारा किती महत्त्वाचा, हे यावरून कळेल.

आता बोर्डांकडे वळू. यंत्रात एकच बोर्ड नसतो. घरात जशी कामे वाटलेली असतात, तशी येथेही वाटलेली असतात. मुख्य चार ओळखून ठेवा.

पहिला पॉवर सप्लायचा बोर्ड. हा भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेतो आणि बाकीच्यांना सोसेल एवढी करून वाटतो. विचार करणाऱ्या भागांना ५ व्होल्ट किंवा त्याहून कमी, मोटारी आणि क्लच यांना २४ व्होल्ट. दुसरा हाय व्होल्टेजचा बोर्ड. ड्रमवर वीज चढवायला आणि टोनर ओढून घ्यायला काहीशे ते काही हजार व्होल्ट लागतात, ते हा देतो. तिसरा मोटारी, क्लच, सेन्सर आणि फ्यूजर यांना हुकूम सोडणारा. याला घरचा कारभारी म्हणा. चौथा कंट्रोलर, कागदावरचे चित्र वाचणे, संगणकाकडून आलेली पाने समजून घेणे, पडद्यावर अक्षरे दाखवणे हे त्याचे काम. काही यंत्रांत दोन कामे एकाच बोर्डावर असतात, पण कामांची वाटणी हीच.

ही वाटणी ठाऊक असली की यंत्राच्या दुखण्यावरून दोषी कोण याचा अंदाज बांधता येतो. यंत्र अगदीच मेलेले, एकही दिवा लागत नाही. तर संशय पहिल्यावर. पडद्यावर दिवे आहेत पण एकही मोटार फिरत नाही. तर २४ व्होल्टचा पुरवठा तपासा. येथे एक गंमत आहे. पुढचे दार उघडे असले की २४ व्होल्ट तोडणारा लहानसा स्विच बहुतेक यंत्रांत असतो. दाराची प्लॅस्टिकची खुंटी मोडली तर तो स्विच दाबला जात नाही, आणि सारे बोर्ड ठणठणीत असूनही यंत्र मेल्यासारखे बसते. अशा वेळी बोर्ड बदलणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

लेसरच्या यंत्रातून सबंध पान काळे निघाले तर समजा की ड्रमवर वीज चढत नाही. असे का, तर या यंत्रांत उजेड पडलेल्या जागी, म्हणजे वीज उतरलेल्या जागी टोनर चिकटतो. वीज मुळात चढलीच नाही, तर पूड सगळीकडे बसते. जुन्या, आरसा आणि दिव्याच्या यंत्रांत याच्या उलट. तेथे वीज नाही चढली तर पान कोरे निघते. अक्षर उमटले पण बोटाने पुसले जाते, तर फ्यूजर तापत नाही. तेव्हा फ्यूजरचा दिवा, ताप मोजणारा सेन्सर आणि जादा तापला तर तुटणारा थर्मल फ्यूज हे आधी मोजायचे. बोर्डाची पाळी त्यांच्यानंतर. ताप बिघडला की पुष्कळ यंत्रे स्वतःला कुलूप लावून घेतात आणि पडद्यावर एक आकडा दाखवतात. तो आकडा कागदावर लिहून ठेवा. मेकॅनिकला नुसते "बंद पडलंय" म्हणण्यापेक्षा तो आकडा सांगितला, तर त्याचे निम्मे काम होते.

बोर्डाला दोष देण्याआधी जोडण्या पाहा. धूळ, पावसाळ्यातली ओल, मुंग्या, पाली आणि उंदीर हे आपल्याकडचे बिघाडाचे मोठे कारण आहे. पट्टीसारख्या केबली एकदा काढून, त्यांची टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने पुसून पुन्हा बसवल्या, एवढ्यावर कित्येक यंत्रे चालू होतात. अर्थात हे सारे वीज काढून.

आता असे समजा की वळवाचा पाऊस झाला, विजा चमकल्या, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतले यंत्र उठलेच नाही. मेकॅनिकने पॉवर सप्लाय उघडला. आतला फ्यूज काळा पडलेला, आणि शेजारची नाण्याएवढी चकती फुटलेली. या चकतीला व्हेरिस्टर म्हणतात. दाब मर्यादेबाहेर चढला की ती स्वतः बळी जाते, फ्यूज उडवते आणि मागच्या भागांना वाचवते. तेवढेच गेले असेल तर दुसरा बोर्ड कशाला हवा? चकती आणि त्याच मापाचा फ्यूज घातला की झाले. मात्र फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवू नका. राखणदार हाकलून दार सताड उघडे ठेवण्यासारखे ते आहे.

पुढचे भागही जळले असतील, बोर्ड कोळशासारखा झाला असेल, तर मग जुन्या यंत्रातला बोर्ड शोधायचा. येथे बैल पारखतो तशी पारख हवी.

पहिले, यंत्राचे मॉडेल जुळले पाहिजे, आणि बोर्डावर छापलेला नंबरही जुळला पाहिजे. एकाच मॉडेलमध्ये कंपनी मधूनच बोर्ड सुधारते आणि नंबरापुढचे अक्षर बदलते. दुसरे, दाब पाहा. परदेशात वापरून झालेली पुष्कळ यंत्रे आपल्या बाजारात येतात. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, जपानात १०० व्होल्टची. तिकडच्या यंत्रातला पॉवर सप्लाय किंवा फ्यूजरचा दिवा आपल्या २३० व्होल्टला जोडला तर डोळ्यांदेखत जळेल. यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीवर दाब लिहिलेला असतो, तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. तिसरे, ते यंत्र भंगारात का निघाले ते विचारा. ड्रम झिजला, फ्यूजरचा रूळ फाटला, म्हणून काढले असेल तर त्याचे बोर्ड बहुधा चांगले असतात. पुराच्या पाण्यात बुडालेले किंवा विजेने गेलेले असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. सर्वांत उत्तम म्हणजे ते यंत्र चालू करून, एक पान काढून दाखवायला सांगा आणि मगच बोर्ड उतरवा.

बोर्ड हातात घेतला की डोळे उघडे ठेवून पाहा. कपॅसिटर म्हणजे उभ्या लहान डब्या. त्यांची टोपी सपाट हवी. फुगलेली टोपी, तळाशी चिकट डाग, तपकिरी पडलेला भाग, हिरवा गंज, डागाच्या टाक्याभोवतीची बारीक चीर, यांतले काही दिसले तर परत द्या. बोर्ड कडांना धरा. कंगव्यावर येते तीच वीज आपल्या अंगावरही येते, आणि कोरड्या थंडीच्या दिवसांत ती नकळत चिपला मारते. म्हणून हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करा, आणि बोर्ड साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा.

आता सगळ्यात चुकणारी गोष्ट. कारभारी आणि कंट्रोलर या बोर्डांवर आठवण ठेवणारी एक लहान चिप असते. यंत्राचा नंबर, आजवर निघालेल्या पानांची मोजदाद, आणि कारखान्यात त्या एका यंत्रासाठी जुळवलेली मापे तिच्यात असतात. समास किती, लेसरचा जोर किती, टोनरचा सेन्सर कोठे शून्य धरतो, हे सारे. दोन यंत्रे एकाच साच्यातली असली तरी ही मापे सारखी नसतात. दुसऱ्याचा बोर्ड त्याच्या आठवणीसकट बसवला, तर पान वाकडे निघते, फिकट निघते, नाहीतर नंबर जुळत नाही म्हणून यंत्र अडून बसते. म्हणून जुन्या बोर्डावरची चिप नव्यावर आणायची. काही यंत्रांत ती खाचेत बसवलेली असते आणि अलगद निघते. काहींत डाग सोडवून काढावी लागते. काहींत सर्व्हिस मोडमधून आठवण उतरवून घेण्याची सोय असते. यंत्र थोडेफार चालत असेल तर आधी त्या मापांची यादी छापून घ्या. कित्येक यंत्रांत ही यादी दाराच्या आत चिकटवलेली असते. तिचा फोटो आजच काढून ठेवा. आणि एका वेळी एकच वस्तू बदला. दोन बोर्ड एकदम बदलले, तर बरे कशाने झाले आणि बिघडले कशाने, ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

बोर्ड मिळाला, आठवण आणली. तरी अजून वीज देऊ नका. पहिला बोर्ड मेला कशाने, हा प्रश्न सुटला नाही तोवर दुरुस्ती झाली असे समजू नका. मरणाची कारणे दोन बाजूंनी येतात. एक भिंतीकडून. फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजांमध्ये सुमारे ४०० असतात. खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रलची तार सैल झाली की घराघरांतला दाब वरखाली होतो आणि कुठे तो ४०० च्या जवळही जातो. अशा जागी दहा बोर्ड घातले तरी दहाही जळतील. म्हणून सॉकेटमधला दाब मीटरने मोजा. सकाळी मोजा, आणि शेतीपंप चालू असतानाही मोजा. अर्थिंग खरोखर आहे की तिसरे भोक नुसते शोभेचे आहे, तेही पाहा. दोष वायरिंगचा निघाला तर आधी वायरमनला बोलवा.

दुसरे कारण यंत्राच्या पोटातून येते. टाकाऊ टोनरची पेटी भरून वाहिली की पूड दातेऱ्यांत घट्ट बसते, मोटारीवर ताण येतो, तिला जास्त वीज लागते आणि तिला हुकूम देणारी चिप जळते. एखाद्या क्लचची गुंडाळी आतून शॉर्ट झाली तरी तोच परिणाम. तेव्हा दातेरी चाके हाताने फिरवून पाहा आणि प्रत्येक मोटार व क्लच यांचा ओहम मोजा. एकसारख्या दोन क्लचांपैकी एकाचा आकडा फार कमी आला, तर गुन्हेगार तोच.

पॉवर सप्लायला पहिली वीज सिरीज दिव्यातून द्यावी. शंभर वॅटचा तारेचा जुना बल्ब मध्ये जोडायचा आणि फ्यूजरची जोडणी काढून ठेवायची, कारण तो एकटाच भरपूर वीज खातो आणि परीक्षा फसते. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे. ताबडतोब बंद करा. बोर्ड जळण्याऐवजी बल्ब पेटला, एवढ्यावर निभावते.

येथे जिवाची गोष्ट सांगितली पाहिजे. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात. हे काम विजेचा जाणकार असेल त्यानेच, प्लग काढून, दहा मिनिटे थांबून, मीटरने मोजूनच करावे. मोजल्याशिवाय हात घालू नये. लेसरची पेटी उघडू नये. तो किरण डोळ्यांना दिसत नाही, पण डोळा घालवतो. फ्यूजर थंड होऊ द्यावा. सांडलेला टोनर ओल्या थंड फडक्याने पुसावा. गरम पाण्याने तो वितळून चिकटतो. दाराचा स्विच किंवा तापाचा सेन्सर तार टाकून फसवू नये. शाळेत मुले वावरतात, हे विसरू नका.

शिक्षकबंधुभगिनींना आणखी एक सांगणे. मोठ्या यंत्रांत हार्ड डिस्क असते आणि नकलेला आलेल्या कागदांची चित्रे तिच्यात राहू शकतात. अमेरिकेत एका आरोग्यविमा संस्थेने भाड्याची यंत्रे डिस्क न पुसता परत केली, आणि रुग्णांची माहिती बाहेर गेली. ते प्रकरण मिटवायला त्या संस्थेला २०१३ साली १२ लाख १५ हजार ७८० डॉलर भरावे लागले. तेव्हा जुने यंत्र देताना त्याची डिस्क पुसून किंवा काढून द्या. तुमच्या यंत्रात प्रश्नपत्रिका असतील आणि मुलांचे दाखलेही असतील. तसेच, विकत आणलेल्या यंत्रात दुसऱ्याचे कागद सापडले तर ते न वाचता पुसा.

आता थांबायचे कुठे? ड्रम, फ्यूजर आणि बोर्ड तिन्ही गेले असतील, किंवा त्या यंत्राचा टोनरच मिळत नसेल, तर हट्ट धरू नका. उलट तेच यंत्र दुसऱ्यासाठी बोर्डाची खाण म्हणून जपा. पंचक्रोशीतल्या चारपाच शाळांनी एकाच मॉडेलची यंत्रे घेतली, तर एकाचे मोडके चौघांना पुरते. उरलेल्या बोर्डांची मात्र होळी करू नका. तांब्याच्या लोभाने बोर्ड जाळतात. त्या धुरात विषारी वायू असतात, आणि बोर्डावरच्या डागात शिसे असू शकते. ते मातीत आणि विहिरीत जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असा माल नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडे गेला पाहिजे. एखादा मेलेला, धुऊन पुसलेला बोर्ड पाटीवर ठोकून वर्गात लावला, तर विज्ञानाच्या तासालाही कामी येईल. मोठा कपॅसिटर तेवढा आधी काढून टाका.

तर मंडळी, "बोर्ड गेला" असे कुणी म्हटले की त्याला चार प्रश्न विचारा. बोर्डच गेला हे कशावरून? आणणार तो बोर्ड कुठल्या यंत्रातला, आणि त्याचा नंबर व दाब जुळतो का? जुन्या बोर्डावरची आठवण नव्यावर कशी आणणार? आणि पहिला मेला कशाने? या चारही प्रश्नांची उत्तरे देणारा कारागीर भेटला, तर यंत्र त्याच्या हाती निर्धास्त द्या, आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. बोर्ड भंगारातून मिळतो. त्याची पारख भंगारात मिळत नाही.